चुन्याच्या चवीची तार

सगुणाबाई नैताम यांना चोर ठरवलं गेलं ते गेल्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी पावणेअकरा वाजता. पंचनाम्यावर सव्वाबारा लिहिलंय. ते खोटं आहे. पावणेअकराला गल्लीतली लेकरं लाकडी बैल घेऊन बाईंच्या फाटकात बोजाऱ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या खाऊसाठी, उभी होती, बाईंच्या हातात मुरमुऱ्या-फुटाण्यांचं ताट होतं, आणि टेलिफोन हापिसाची गाडी हॉर्न मारून लेकरांना बाजूला करत आत शिरली. सव्वाबाराला तर सगळं आटोपलं होतं. सहा खोल्यांच्या तारा भिंतींवरून उपटून, गुंडाळून तांदळाच्या दोन कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत, भरून झाल्या होत्या. लेकरं केव्हाच निघून गेली होती आणि मुरमुरे ताटात तसेच होते. मी पायरीवर होतो, म्हणून सांगतो.

गावाचं नाव लिहीत नाही. कुरखेडा-आरमोरीच्या बाजूचं एक गाव समजा. एकदा सगळं लिहिलं होतं, नाव, गल्ली, घराची खूण, आणि त्याचं काय झालं ते पुढे येईलच. बाईंचं नाव लिहितोय ते त्यांच्या सांगण्यावरून. "एका कागदावर चोर म्हणून लिवलं हाय माह्यं नाव," त्या म्हणाल्या. "तं दुसऱ्या कागदावर बी लिव. बरोबरी तं होऊ दे."

बाई पन्नाशीच्या पुढच्या, बुटक्या. हनुवटीवर गोंदण. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि त्यातच अडकवलेली एक छोटी पकड. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. रंग राहतात. मी पत्रकं वाटत फिरतो, आमची पत्रकं स्वस्तातल्या पिवळ्या कागदावर निघतात, म्हणून मी पिवळा. "काऊन गा पिवळ्या, आज कोणाले शिव्या लिवल्या?" ही त्यांची राम राम म्हणायची तऱ्हा.

आणखी एक सवय होती. कुठलीही तार हाती आली की तिची दोन सोललेली टोकं जिभेवर ठेवायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलोच. "भेऊ नोको," त्या म्हणाल्या. "हे लाइटीची नाई, फोनची हाय. आंबट लागली तं जिती, काईच नाई लागली तं मेली."

हे त्यांना दयाराम लाइनमननं शिकवलं. गावात टेलिफोन हापीस चालू होतं तेव्हा बाई तिथं दोन तासांच्या झाडूवाल्या होत्या. कायम कधी झाल्या नाहीत. हापिसात भिंतभर लोखंडी चौकट होती आणि तिला हजार तारा, रंगीत झिपऱ्यांसारख्या. एक दिवस दयारामनं दोन तारा पुढे धरून विचारलं, "बाई, यातली हिरवी कोणती अन् कत्थी कोणती?"

कत्थी म्हणजे काताच्या रंगाची, तपकिरी. बाईंना वाटलं थट्टा करतोय. "आंधळा झाला का गा भाऊ?"

दयारामनं दार लोटून घेतलं. "रंग नाई दिसत मले. हिरवं अन् कत्थी एकच दिसते. पळस फुलला का नाई, हे बी लोकं सांगतात तेव्हा समजते. कोणाले सांगू नोको बाई, नोकरी जाईन."

बाईंनी नाही सांगितलं. तो वारला त्यानंतर सांगितलं, तेही मला, तेही मी खोदून विचारलं तेव्हा. त्याआधी कित्येक वर्षं दोन तास झाडायचं आणि चार तास त्याच्या बाजूला उभं राहून रंग सांगायचे. मी लगेच म्हणालो, "बाई, हे शोषण आहे." त्या हसल्या. "कायचं शोषण? त्यानं मले विद्या देली, मी त्याले डोळे. तू हिशोब नोको करू, तुले जमत नाई." दयारामचं एक वाक्य त्या देवाचं नाव घ्यावं तसं घ्यायच्या: जोडी फोडू नये. फोनच्या तारा जोडीनं पिळलेल्या असतात. पीळ उलगडून एक तार या घरात नि दुसरी त्या घरात घातली की आवाज फाटतो.

मग हापीस बंद झालं. ज्यांची नोकरी कायम होती त्यांच्या बदल्या झाल्या. बाईंची कुठं होणार?

त्याच गल्लीत तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराचं सहा खोल्यांचं दगडी घर होतं. हंगामात खोलीखोलीत मुनीम राहायचे आणि प्रत्येक मुनिमाच्या उशाशी एक फोन. ठेकेदार पुढच्या खोलीत बसून कळ दाबणार, मागच्या खोलीत मुनीम दचकून उठणार. त्यासाठी त्यानं स्वतःच्या खर्चानं घरभर तार ठोकून घेतली होती. प्रत्येक खोलीची तार ओळखू यावी म्हणून टोकाला वेगळ्या रंगाची नळी चढवलेली: निळी, नारंगी, हिरवी, कत्थी, राखी, लाल. धंदा गेला, ठेकेदार गेला, मुलगा नागपूरला राहायला गेला आणि घराची राखण बाईंकडे आली. त्यांनी खोल्या आतल्या गावांतून कॉलेजला येणाऱ्या पोरींना द्यायला सुरुवात केली. दर वर्षी चुना मारला जायचा, भिंतीवर, तारेवर, खिळ्यांवर, सगळ्यावर. फोन मेलेले होते तरी बाईंनी काढले नाहीत. पोरगी खोलीत आली की फोनमागे डोकावणाऱ्या नळीचा रंग हेच तिचं नाव. "ए निळी, पानी भरून ठेव." "लालबाई, तुहा बाप आला फाटकात." पोरगी शिकून निघून जायची, दुसरी यायची, तीही लालच.

हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता बाहेरचा नियम. पुरुषानं तिसऱ्या पायरीच्या वर यायचं नाही. बाप असो, भाऊ असो, मी असो. मी त्या तिसऱ्या पायरीवर किती बसलो, चहा प्यालो, पण यंदाच्या दिवाळीपर्यंत त्या घराच्या आत पाऊल टाकलं नाही.

ओसरीवर नेटची पेटी लागली तेव्हा पोरींना आनंद झाला आणि आठ दिवसांत तो संपला. भिंती दीड हात जाड. वायफाय ओसरीपर्यंत यायचं आणि रुसलेल्या जावयासारखं तिथंच बसायचं, आत पाऊल टाकायचं नाही. म्हणून फॉर्म भरायचा, धडा उतरवायचा, काहीही करायचं तर पोरींनी ओसरीत बसायचं. समोर पानठेला. पानठेल्यावर दिवसभर रिकामी माणसं आणि त्यांच्या हातात मोबाइल. राखी खोलीतल्या पोरीचा फोटो एका गटात फिरला, "आमच्या गल्लीची ओसरी" म्हणून. तिच्या भावानं तो पाहिला आणि तिला घरी नेलं. ती परत आली नाही.

बाईंनी ओसरीला लुगडं बांधलं. वाऱ्यानं उडायचं. मी म्हणालो, "पानठेल्यावर पत्रक काढतो."

"तुह्या पत्रकानं त्याहीचे डोळे फुटनार हाय का?" बाई म्हणाल्या आणि भिंतीवरून हात फिरवत आत गेल्या. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "अवो, तार तं घरात हायच!"

नारंगी खोलीतली पोरगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. तिनं सांगितलं की दोन पिळलेल्या जोड्या असल्या तर कॉम्प्युटर त्यावरून बोलतो, एका जोडीनं बोलतो, दुसरीनं ऐकतो. वेग कमी मिळेल, पण मिळेल. ठेकेदाराच्या तारेत नेमक्या दोन जोड्या होत्या. बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासमधून जुने दोन संच आले. निळ्या खोलीतून नारंगी खोलीत पहिली परीक्षा झाली. मी पायरीवर, खिडकी उघडी.

"बाई, दिवा नाई लागून राह्यला."

"तार जिती हाय, तिकून सेल लावून म्या चाटून पाह्यली. कशाले काय बांधलं सांग."

"इकडच्या बोलाच्या जोडीले तिकडची बोलाची. ऐकाच्या जोडीले ऐकाची."

मग बाई अशा हसल्या की पानठेल्यावरची माणसं वळून पाहायला लागली. "अवो, सातदेव्याची पोरगी सातदेव्याच्या घरी देली तू! सगा पाह्यला का नाई? बोलणाऱ्याची सोयरीक ऐकणाऱ्यासंग होते. दोघं बी बोलणारे, मंग ऐकन कोण?"

गोंडांच्या घरातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी: चार देव मानणारे, पाच, सहा, सात देव मानणारे अशी आमच्याकडची घराणी, त्यालाच सगा म्हणतात. सारख्या देवांची माणसं भाऊ-भाऊ, त्यांच्यात लग्न होत नाही. नारंगीच्या पुस्तकात या अडचणीवर दोन पानं होती. बाईंनी ती एका सोयरिकीत सोडवली. जोड्यांची अदलाबदल झाली. "पीळ उलगडू नोको, जोडी फोडू नये," बाई सांगत होत्या. आणि दिवा लागला.

पुढे ओसरीतल्या कोपऱ्यात सहा तोंडांची पेटी बसली आणि सहाही खोल्या त्या जुन्या तारेवर जोडल्या गेल्या. सिनेमा दिसला नसता त्यावर. फॉर्म भरला जायचा, धडा उतरायचा, निकाल समजायचा, आणि पोरगी आपल्या खोलीत, दार लावून. हिरवीला ताप होता तेव्हा तिनं नर्सिंगचा फॉर्म अंथरुणात पडल्या पडल्या भरला, शेवटच्या दिवशी. आज ती कुठल्याशा उपकेंद्रात सुया टोचते म्हणे. पानठेल्यावरच्या खुर्च्या कमी झाल्या.

बाई दुपारी त्या पेटीसमोर चिंचा फोडत बसायच्या. सहा दिवे लुकलुकायचे. वाचता येत नव्हतं, पण कोण अभ्यास करतंय ते त्यांना दिसायचं. "ए कत्थी! तुहा दिवा काऊन थांबला? झोपली का?" आतून, "पुस्तकातलं वाचून राह्यली बाई!" "खोटं नोको बोलू, घोरून राह्यली तू." आणि आभाळ काळं झालं की सगळ्या घराला ऐकू जाईल अशी आरोळी: "काढा तोंडं!" सहा खोल्यांत सहा तारा पटापट निघायच्या. विजेनं फोन जळताना त्यांनी पाहिले होते.

आता माझं.

आतल्या गावांना नेट मिळावं म्हणून आमची मोहीम चालू होती. उन्हाळ्यात मी एक पत्रक लिहिलं. त्यात बाईंवर अर्धं पान. वाक्य असं होतं: "टेलिफोन खात्याने टाकून दिलेल्या तारा आमच्या आदिवासी भगिनीने उचलल्या आणि त्यांत प्राण फुंकले." पायरीवरून मला काय दिसायचं? बाहेरचा वाकलेला खांब आणि त्यावरून वळचणीला लोंबणारी एक तुटकी तार. घरातली तार तिथूनच आली असं मी धरून चाललो. खरं सांगू? धरूनही नव्हतो चाललो. वाक्याला ते शोभत होतं. खात्यानं टाकलं, जनतेनं उचललं. अशी वाक्यं मला झोपेतही सुचतात.

छापण्याआधी बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी चिंच फोडायची थांबवली.

"टाकून देलेल्या कोण म्हणते? अन् उचलल्या कोण म्हणते? म्या काई उचललं नाई. हे ठेकेदाराची तार हाय, घरातली."

"बाई, पत्रकात असं चालतं. त्यानं जोर येतो."

"जोर येते?"

"हो."

"मंग ठेव बाप्पा. तुमचं तुमी जाना."

मी ठेवलं. बाईंनी सांगूनही ठेवलं. त्या वाक्याखाली गल्लीचं नाव आणि घराची खूणही दिली, लोकांनी येऊन पाहावं म्हणून.

लोक आले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आले. मी आडवा झालो, ओरडलो, कागद मागितला. गाडीतून आलेल्या साहेबांनी विचारलं, "तुम्हीच का ते पत्रकवाले?" हो म्हणालो. त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. "आम्हाला पत्ताच नव्हता. तुमच्यामुळे सापडलं."

बाईंनी हे ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत तार ओढताना खिळे निघत होते, त्या आवाजाकडे त्यांचं लक्ष होतं. एकदाच म्हणाल्या, "हळू काढा, पीळ तुटते."

दिवाळीच्या आधी तालुक्याच्या टेलिफोन हापिसात सुनावणी झाली. टेबलावर तांदळाचे दोन कट्टे आणि शेजारी माझं पिवळं पत्रक. ते वाक्य लाल पेनानं अधोरेखित केलेलं. साहेबांनी विचारलं, "बाई, ही तार कुठली?"

बाईंनी कट्ट्यात हात घातला, एक तुकडा काढला आणि जिभेवर ठेवला. हापिसातला बाबू हसला. बाईंनी दुसरा तुकडा काढला, तोही चाटला.

"चुना हाय साहेब. घ्या, तुमी बी चाटून पाहा. खांबावरच्या तारेले कोण चुना मारते?"

साहेब वाईट माणूस नाही, हे लिहायला मला जड जातं, पण नाही. त्यांचा हात पुढं आला होता. बाबूकडे पाहून त्यांनी तो मागे घेतला. "बाई, जिभेचा पुरावा फाइलीत लागत नाही. लेखी काय आहे?" आणि पत्रकावर बोट ठेवलं. "लेखी एवढंच आहे."

मी म्हणालो, ते वाक्य चुकीचं आहे, मी लिहून देतो.

"म्हणजे तुम्ही खोटं छापता?"

"हो. हे छापलं."

"मग आता जे लिहून देताय ते कशावरून खरं?"

काढलेलं पेन मी पुन्हा खिशात ठेवलं.

घराच्या मालकाला, ठेकेदाराच्या मुलाला मी आधीच फोन केला होता. "मला यात घेऊ नका," तो म्हणाला. "आणि बाईला चोर ठरवलं तर घर खाली करून घेईन, हे तिला सांगा." आत्ता राहणाऱ्या पोरींनी जबाब दिले. साहेब म्हणाले, यांचा स्वार्थ आहे, आणि या आल्या तेव्हा तार चालू झालेली होती, त्याआधी ती भिंतीवर होती का, हे यांना काय ठाऊक? तार चालू करणाऱ्या नारंगीनंही जबाब दिला. एकीचा पुरत नाही, साहेब म्हणाले. आधी राहून गेलेल्या आणा. त्यांची नावं सांगा.

बाई सांगायला लागल्या. "निळी. कत्थी. लाल तं तीन होत्या..."

"नावं, बाई."

"हेच नावं हाय साहेब."

बाबू पुन्हा हसला. या वेळी मी त्याला जे बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. फायदा काही झाला नाही.

तेव्हा परिस्थिती अशी आहे. सहापैकी तीन खोल्या रिकाम्या झाल्या. उरलेल्या तिघी पुन्हा ओसरीत बसतात. पानठेल्यावर खुर्च्या वाढल्या. पुढच्या सुनावणीत लेखी काही आलं नाही तर बाई कागदावर कायमच्या चोर, घर खाली, आणि त्या तिघींच्या गावांना बस दिवसातून एकदा जाते.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते दिवाळीच्या चार दिवस आधी. अख्खी गल्ली चुन्यानं पांढरी झालेली. बाईंच्या फाटकात चुनेवाला बादली घेऊन उभा आणि बाई त्याला आत येऊ देत नव्हत्या. "यंदा नाई मारत. जा." मी नेहमीसारखा तिसऱ्या पायरीवर थांबलो. मान खाली. सुनावणीनंतर आम्ही बोललो नव्हतो.

"वर ये," बाई म्हणाल्या.

मी हललो नाही.

"ये ना गा पिवळ्या. तू पाह्यलं नाई म्हणून तं लिवलं."

मी आत गेलो. जुन्या पांढऱ्या भिंतींवर तार जिथून उपटली तिथं उघडी रेघ, मातकट, बोटाएवढी रुंद, प्रत्येक खोलीतून निघून ओसरीच्या कोपऱ्यात येणारी. सहा रेघा. रेघेच्या कडेला चुन्याचे पापुद्रे एकावर एक. बाईंनी नखानं दाखवले. "हा पिवळा, ठेकेदार होता तेव्हाचा. हा निळा, त्याच्या पोरीच्या लग्नाचा. बाकी पांढरे माह्ये." सगळे पापुद्रे रेघेच्या कडेपर्यंत येऊन थांबलेले. तार त्या सगळ्यांच्या आधीची होती, पण जिभेसारखीच भिंतही फाइलीत लागत नाही. पाहायला अर्धं मिनिट लागतं. मी किती दिवस पायरीवर बसून होतो?

बाईंनी रेघेवर बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. चिंचांनी भरलेलं सूप घेऊन त्या कोपऱ्यात बसल्या. पेटीवरचे सहाही दिवे बंद होते.

आता तुम्ही. तुम्ही त्या घरात कधी राहिला असाल तर तुम्हाला पत्ता मी सांगायची गरज नाही. राहिला नसाल तर तुमच्या ओळखीतली कोणी परिचारिका, मास्तरीण, पोलीस, अंगणवाडीची बाई तिथं शिकली असेल, तिला हे वाचून दाखवा. आणि तू, जी तिथं राहिलीस, एक कागद घे. त्यावर लिही: कोणत्या साली राहिले, खोलीत मेलेला फोन होता, त्याची तार चुन्याखाली होती. जेवढं पाहिलंस तेवढंच लिही. जोर आणू नकोस, माझ्यासारखा. खाली तुझं खरं नाव, सही, आणि सहीशेजारी बाई तुला कोणत्या रंगानं हाक मारायच्या तो रंग. नेट यायच्या आधी तुला कोणी निळी म्हणत होतं, तर निळ्या नळीची तार तिथं होती. याहून मोठा पुरावा त्या फाइलीला मिळणार नाही. बाईंच्या नावानं पोस्टात टाक. सुनावणी संक्रांतीच्या आधी आहे.

तुझा रंग लिही. आज लिही.